निजलेला कर्ता

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, मी गाढ निद्रेत असताना, माझ्याच आवारात, माझ्याच हुकुमाने एक वृद्ध गृहस्थ बेलाच्या झाडाखाली आडवे झाले. पाडणारा हात तेथे नव्हता. मी तर वरच्या मजल्यावर पांघरूण डोक्यावरून ओढून पडलो होतो. आणि ज्या यंत्राने तो प्रकार घडविला त्याच्या ठायी हात, पाय, राग, लोभ यांपैकी काहीच नाही. तरीही त्या गृहस्थांचा गुडघा फुटला, मनगट सुजले आणि पिशवीतली बेलपाने चिखलात विखुरली, ही गोष्ट खरी. कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे, आणि कर्म आहे तेथे कर्ता असलाच पाहिजे, एवढे तर्कशास्त्र आम्हांला लहानपणीच घोटून पाजलेले असल्यामुळे, त्या दिवसापासून या कर्त्याचा शोध माझ्या मागे लागला आहे.

आमचे घर पुण्याच्या एका जुन्या उपनगरात आहे. बंगला म्हणावा इतके ते ऐटबाज नाही, पण सभोवार आवार आहे, आणि आवारात माझ्या वडिलांनी लावलेला बेल, एक प्राजक्त, कुंपणालगत तगर आणि दोन रंगांची जास्वंद आहे. गेल्या वर्षी गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा बंगळूरला नोकरीस असलेला आमचा मुलगा चार दिवसांची रजा काढून आला आणि घराच्या बंदोबस्ताची सर्व तजवीज त्याने आपल्या हाती घेतली. दारांच्या चौकटींवर बोटभर लांबीच्या पांढऱ्या डब्या जोडीजोडीने बसल्या: एकीत लोहचुंबक, दुसरीत काचेच्या नळीत ठेवलेल्या दोन नाजूक पात्या, दार मिटलेले असेतो चुंबकाच्या प्रभावाने त्या पात्या एकमेकींना बिलगून असतात, दार उघडताच विलग होतात, आणि तो वियोग घरातल्या मध्यवर्ती यंत्राला तत्क्षणी कळतो. आवारात उष्णतेची हालचाल टिपणारा एक सेन्सर बसला. मनुष्यदेहातून अखंड निघणारी जी ऊब आपल्याला दिसत नाही ती त्याला दिसते, मात्र वैशाखात भिंती आणि माणसे सारखीच तापली म्हणजे बिचाऱ्याची दृष्टी मंद होते. फाटकावर कॅमेरा, जिन्याखाली भोंगा, बेलासमोर प्रखर दिवा. (विजेवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचे पेटंट १८५३ साली ज्याने घेतले, तो ऑगस्टस रसेल पोप हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातला एक धर्मोपदेशक होता, हे मला पुढे कळले. परलोकाची जबाबदारी शिरावर असलेल्या मनुष्यालाही इहलोकातल्या कड्याकोयंड्यांची चिंता सुटलेली नसते, याचे मला उगीचच बरे वाटले.)

ही झाली इंद्रिये. त्यांना वर्तन शिकविण्याचा विधी निराळा असतो, आणि तो पाहताना मी खरोखर रमून गेलो. मोबाईलच्या पडद्यावर एकेक नियम लिहावयाचा, आणि प्रत्येक नियमाची तीन अंगे: जेव्हा, जर आणि तर. जेव्हा आवारात हालचाल होईल. जर वेळ रात्री अकरा ते पहाटे साडेपाच यांच्या दरम्यानची असेल. तर अमुक करावे. स्मृतिकारांना आणि इनामाच्या सनदा लिहिणाऱ्या कारकुनांना जे वाक्यविन्यास प्रिय होते तेच येथे पुन्हा अवतरलेले पाहून माझ्यातला जुना विद्यार्थी सुखावला. दुपारचा चहा चालला होता. सौभाग्यवतींनी तळलेल्या चकल्यांचे ताट मध्ये होते. शेवटच्या ‘तर’पुढची जागा मोकळी ठेवून मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, पुढचं तुम्ही सांगा. नुसता दिवा लावायचा, की भोंगा पण?’’ चकलीचा तुकडा तोंडात होता म्हणून उत्तराला जो काय क्षणभर विलंब झाला असेल तेवढाच. ‘‘वाजू दे की,’’ मी म्हणालो, ‘‘चांगला जोरात वाजू दे.’’ त्याने बोट टेकविले, आणि आम्ही पावसाविषयी बोलू लागलो.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला या यंत्राची मौज वाटावी असे त्यात पुष्कळ आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, या अनुमानाच्या घाटावरच त्याचेही अनुमान बेतलेले असते: जेथे जेथे अपरात्री उष्णता हालते, तेथे तेथे चोर. पण हा हेतू सव्यभिचारी आहे. चोराच्या ठायी तो सापडतो तसा मांजराच्या, घुशीच्या आणि महादेवाला बेल वाहणाऱ्या शेजाऱ्याच्या ठायीही सापडतो. नैयायिकाचा हेतू असा दुष्ट ठरला म्हणजे तो वादात हरतो आणि फार तर मान खाली घालून घरी जातो. आमच्या यंत्राचा हेतू दुष्ट असला, तरी ते भोंगा वाजविते.

आता त्या गृहस्थांविषयी. पुण्यात पहाटेच्या अंधारात हाती कापडी पिशवी आणि आकडी घेऊन, दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर डोकावलेल्या फांद्यांवर उपजीविका करणारा, स्वतःच्या नव्हे, आपल्या देवाच्या, असा जो एक सत्शील वर्ग आहे, त्यातलेच ते. मागच्या गल्लीत राहतात. एका कचेरीतून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली असतील, आणि बहुधा तेवढीच वर्षे ते आमच्या झाडांची फुले नेत असावेत. जास्वंदीच्या कळ्या दिसेनाशा झाल्या की घरात कुरकुर होई, पण कुरकुरीचे रूपांतर कधी तक्रारीत झाले नाही. आणि वीस वर्षे बिनतक्रार चाललेल्या गोष्टीला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. शास्त्रही त्यांच्या बाजूचे होते. गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि झाडावेलींची फुले माणसाने आपलीच समजून घ्यावीत, फळांना मात्र कुंपण नसावे, असा निर्वाळा गौतमाच्या धर्मसूत्रात आहे. त्यामुळे त्या पहाटे आमच्या आवारात जे पाऊल पडले ते गौतमाच्या लेखी चोराचे नव्हते. आमच्या डबीच्या लेखी होते.

भोंग्याचा आवाज शंभर डेसिबलांच्या वर असतो म्हणतात; अंधारात, अगदी कानाजवळ तो एकाएकी फुटला आणि त्याच क्षणी डोळ्यांवर पांढरा झोत पडला, तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढचा मनुष्य ओल्या फरशीवर उभा राहील कसा? मी धावत खाली आलो तेव्हा ते बसून आपली आकडी चाचपीत होते. घरात आणून गुडघा धुतला, मनगटाला पट्टी बांधली, चहा दिला. ‘‘अहो, चूक माझीच,’’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘‘इतकी वर्षं नेतोय, एकदा विचारायला हवं होतं.’’ आणि मग, बशीतला चहा फुंकीत, त्यांनी मला एक प्रश्न केला, ज्यासाठी हा सारा प्रपंच: ‘‘तुम्ही जागे होतात का हो तेव्हा?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग ठीक आहे,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीच समाधान दिसले.

त्यांचे समाधान मला समजते. कोणी जागेपणी, आपल्याला ओळखून, हा प्रसंग आपल्यावर आणला नाही. जे झाले ते पावसाने निसटलेल्या दगडासारखे झाले. दगडाचा राग काय धरावयाचा! निद्रिस्त मनुष्याला पाप लागत नाही ही समजूत आपल्या रक्तात आहे, आणि शेजारच्या वकिलांनीही त्याच दिवशी फाटकाशी थांबून तिला दुजोरा दिला. पण ‘मग ठीक आहे’ हे तीन शब्द माझ्या मनात ठीक बसेनात.

प्रथम आठवण झाली ती दशरथाची. पावसाळ्याच्या दिवसांत शरयूच्या काठी अंधारात तो शिकारीला थांबला आहे. कोठून तरी पाणी भरल्याचा घोष ऐकू येतो. हा हत्ती, असे त्याचे मन ठरविते. आणि शब्दवेधाच्या ज्या विद्येसाठी त्याची कीर्ती होती त्या विद्येने तो न पाहता बाण सोडतो. बाण लागतो तो आंधळ्या आईबापांसाठी घागर भरणाऱ्या मुलाला. वाल्मीकींनी त्या मुलाचे नावही सांगितलेले नाही. श्रावण म्हणून त्याला आपण पुढे ओळखू लागलो. या कथेचा बोध लहानपणापासून आपल्याला मातृपितृभक्तीच्या अंगाने सांगण्यात येतो, परंतु ती दशरथाच्या अंगाने वाचली तर तिच्यात एक वेगळीच भयंकर गोष्ट दिसते: त्या रात्री त्या तरुण राजपुत्राने आपले स्वतःचेच यंत्र करून घेतले होते. जेव्हा पाण्याचा आवाज येईल, जर रात्र असेल, तर बाण. पाहणे आणि विचारणे या दोन्ही गोष्टी ज्या कौशल्यातून वजा केल्या आहेत त्याच कौशल्याचा त्याला अभिमान होता.

तरीही दशरथाला एक सवलत होती, जी मला नव्हती. बाण सुटला तेव्हा तो जागा होता. मनुष्याचा आर्त स्वर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला, तो धावला, त्याने ते पाहिले, आणि त्याचा पश्चात्ताप पुढच्याच श्वासाला सुरू झाला. तो इतका काळ टिकला की रामाच्या वनगमनानंतर, आयुष्याच्या शेवटच्या रात्री, कौसल्येजवळ तो त्याने उकलून ठेविला. मी धनुष्याची दोरी ताणून खुंटीला अडकविली होती, बाण नदीच्या रोखाने लावून ठेविला होता, आणि झोपायला गेलो होतो.

अशा लावून ठेविलेल्या बाणांचा विचार प्राचीनांनी केला असेल अशी माझी कल्पना नव्हती. तो बौद्धांच्या विनयपिटकात मला सापडला, आणि धर्मानंद कोसंबींच्या पिढीने पाली वाङ्मयाचे दार मराठी वाचकाला उघडून दिले याबद्दल पुन्हा एकदा कृतज्ञता वाटली. भिक्षूने मनुष्यहत्या केली तर तो पाराजिक होतो, म्हणजे संघातून कायमचा जातो, हा नियम प्रसिद्ध आहे. पण त्या नियमाच्या विवरणात जी प्रकरणे चर्चिली आहेत त्यांतले एक खड्ड्याचे आहे. ‘कोणी का असेना, यात पडून मरो’ अशा बुद्धीने एखाद्याने खड्डा खणला, तर खणतानाच त्याला दुक्कट नावाचा लहान दोष लागतो. त्या वेळी आसपास कोणीही नसले तरी. मग मनुष्य त्यात पडला तर पुन्हा दुक्कट; पडलेल्याला वेदना झाली तर थुल्लच्चय, म्हणजे स्थूल अपराध; आणि तो मेला तर पाराजिक. यक्ष किंवा प्रेत मेले तर थुल्लच्चय, पशू मेला तर पाचित्तिय. खणणारा त्या वेळी विहारात ध्यानस्थ बसला होता की भिक्षेला गेला होता, हा प्रश्न या श्रेणीत उपस्थितच होत नाही. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बसून बुद्धघोषाने विनयावर ‘समन्तपासादिका’ ही टीका लिहिली, तीत हत्येचे सहा प्रयोग मोजले आहेत: स्वतःच्या हाताने केलेला, फेकून केलेला, दुसऱ्यास आज्ञा देऊन करविलेला, मंत्राचा, ऋद्धीचा, आणि ‘थावर’, म्हणजे स्थावर, एका जागी मांडून ठेविलेला. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या भिक्षूने हाताने मारणे आणि मांडून ठेवणे यांना एकाच पंक्तीला पाट दिला आहे. चेतना हेच कर्म, असे मानणाऱ्या परंपरेने हे म्हणावे याला विशेष अर्थ आहे. कारण चेतनेच्या नावाखाली निजलेल्याला सर्वांत सहज सोडून देता आले असते ते तिलाच. तिने सोडले नाही, कारण तिची दृष्टी पडण्याच्या क्षणावर नव्हती, खणण्याच्या क्षणावर होती.

जैनांची ‘कृत, कारित, अनुमोदित’ ही त्रिपुटी मी लावून पाहिली. योगसूत्रांतही हिंसेचे हेच तीन प्रकार येतात. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलाविलेले. माझे कर्म ‘कारित’ या खान्यात पडावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण ‘कारित’ म्हटले म्हणजे करणारा कोणी दुसरा आला; त्याला स्वतःची बुद्धी आली; चाकराला धन्याने सांगितले की त्या म्हाताऱ्याला ढकल, तरी चाकराचा हात आखडू शकतो, तो धन्याला शिवी देऊन नोकरी सोडू शकतो, निदान हळू ढकलू शकतो. कारिताचे थोडे तरी ओझे वाटून घेणारा असा एक मनुष्य मध्ये असतो. माझ्या आणि त्या गुडघ्याच्या मध्ये कोणीच नव्हते. ते ‘कृत’च होते, हात तेवढा लांब होता, आणि दुपारपासून पहाटेपर्यंत पोहोचत होता.

दुपारपासून पहाटेपर्यंत: या अंतराचा सर्वांत सूक्ष्म विचार केला आहे तो ज्यूंच्या धर्मशास्त्राने, आणि त्याचे कारण त्यांचा शब्बाथ. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम वर्ज्य. पण सूर्यास्तापूर्वी सुरू करून दिलेले काम आपोआप चालू राहिले तर? मिश्नेतल्या शब्बाथ-प्रकरणाच्या पहिल्याच अध्यायात शम्माई आणि हिल्लेल यांच्या संप्रदायांचा यावर वाद आहे, आणि त्यातले एक उदाहरण आमच्या विषयाच्या इतके जवळ आहे की मी ते वाचून उठून बसलो: पशुपक्ष्यांसाठी आणि माशांसाठी जाळी मांडणे. शम्माईपंथी म्हणतात, दिवस असतानाच सावज सापडेल इतका अवधी असेल तरच शुक्रवारी जाळे लावावे. हिल्लेलपंथी म्हणतात, सूर्य मावळण्यापूर्वी लावले म्हणजे झाले, सावज केव्हा का सापडेना. निर्णय हिल्लेलच्या बाजूने गेला, आणि आज शब्बाथच्या दिवशी घड्याळाच्या कळीने आपोआप लागणारे दिवे किंवा कोणी बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबत जाणारी लिफ्ट, हे सारे त्या निर्णयाच्या छायेत चालते. आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मराठी बोलणाऱ्या त्या तेल्यांना हा शास्त्रार्थ किती ठाऊक होता हा प्रश्न वेगळा, पण घाणा ही लावून देऊन झोपी जाण्याजोगी वस्तू नव्हती, त्यामुळे त्यांची अडचण सोपी होती.

हिल्लेलच्या निर्णयाचे मर्म असे की कर्म ज्या वेळी केले त्या वेळचे ते; शुक्रवारी मांडलेले जाळे हे शुक्रवारचे कर्म, शनिवारी त्यात पाखरू अडकले तरी शनिवार निष्कलंक. श्रद्धाळू ज्यूला जो सिद्धान्त मोकळा करतो तोच मला बांधून टाकतो! कारण त्याच न्यायाने माझे कर्म सोमवारच्या पहाटेचे नव्हतेच, की ज्या पहाटे मी निर्दोषपणे घोरत होतो. ते त्या चकल्यांच्या दुपारचे होते, आणि त्या दुपारी मी टक्क जागा होतो. ‘तुम्ही जागे होतात का’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते. त्या गृहस्थांना मी अजाणता खोटे सांगितले. शम्माईचा पक्ष हरला खरा, पण त्याच्या मागे तालमुदाने जी एक कल्पना सांगितली आहे ती मला मोह घालते: विश्रांतीचा दंडक मनुष्याला आहे तसाच त्याच्या उपकरणांनाही आहे. मालक निजला म्हणजे त्याची हत्यारेही निजावीत, ही कल्पना व्यवहारात टिकणारी नाही. परंतु ज्याने ती प्रथम मांडली त्याला जागत्या हत्यारांचा काही अनुभव असला पाहिजे.

इंग्रजांच्या न्यायालयांत हा प्रश्न फुलांच्याच निमित्ताने गेला होता हे ऐकून वाचकांना गंमत वाटेल. ब्रिस्टलजवळच्या एका मनुष्याच्या बागेत मौल्यवान ट्यूलिप होते. एकदा चोरी झाल्यावर त्याने बागेत तारा पसरून त्यांना एक बंदूक जोडून ठेविली. तारेला पाय लागला की बार उडावा. पाटी लावली नाही, आणि ती मुद्दामच लावली नाही, की चोर सापडावा. १८२५ च्या मार्चमध्ये, संध्याकाळी, शेजारच्या घरची लांडोर उडून त्या बागेत गेली. तिला सांभाळणारी मोलकरीण घाबरी झालेली पाहून एक एकोणीस वर्षांचा मुलगा भिंत ओलांडून लांडोरीला आणायला उतरला, आणि बाराचा बराचसा भाग त्याच्या गुडघ्याच्या सांध्यात आणि आसपास बसला. १८२८ साली निकाल मुलाच्या बाजूने झाला. आणि मुख्य न्यायाधीश बेस्ट यांनी आपल्या निर्णयात धर्माचा हवाला दिला, की जे कृत्य ख्रिस्ती धर्माला निषिद्ध, ते कायद्याच्या कक्षेबाहेर असू शकत नाही. दरम्यान १८२७ साली पार्लमेंटने अशा बंदुका मांडणे गुन्हा ठरविले होते, तरी राहत्या घरात रात्रीपुरती सूट ठेवून. त्या सवलतीत इंग्रज गृहस्थाचा सारा स्वभाव दिसतो. पण इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे विदर्भात रानडुकरांच्या भयाने शेताच्या कुंपणात वीज सोडतात, आणि त्या तारेला कधी वाघ लागतो, कधी शेजारचाच शेतकरी.

माझा भोंगा म्हणजे काही बंदूक नव्हे, हे मी जाणतो. परंतु ट्यूलिपवाल्यात आणि माझ्यात जे साम्य आहे ते शस्त्राचे नाही. दोघांनीही एका अनाम, अदृष्ट, अजून न आलेल्या मनुष्याविषयी निर्णय देऊन टाकला, तो येण्यापूर्वी आणि त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी, आणि अंमलबजावणी आपल्या माघारी व्हावी अशी व्यवस्था केली. मी माझ्या क्रोधाचे कुलमुखत्यारपत्र एका डबीला लिहून दिले होते, आणि नवल असे की लिहून देताना क्रोध जवळपासही नव्हता. रागावलेला मनुष्य दहा अनर्थ करतो, पण समोर पंच्याहत्तरीचा चेहरा दिसला की त्याचा उगारलेला हात अर्ध्यावर थांबण्याचा संभव तरी असतो. चहा पिता पिता केलेल्या क्रोधाला थांबण्याची जागाच नसते.

कोणी म्हणेल, हे यंत्र तर गीतेतला आदर्श कर्मयोगीच झाले: फलाची आसक्ती नाही, कर्तेपणाचा अहंकार नाही, नेमून दिलेले काम तेवढे करतो. हा युक्तिवाद एका तरुण मित्राने माझ्यापुढे खरोखरच केला, आणि क्षणभर मी निरुत्तर झालो. पण जो कधी आसक्त होऊच शकत नाही त्याच्या अनासक्तीला कसली किंमत! शिवाय यंत्राला इच्छा नाही म्हणून त्या व्यवहारातच इच्छा नाही असे कोठे ठरते? ती माझी होती. मीमांसकांची ‘अपूर्वा’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते: यज्ञ तर केव्हाच संपून गेला, स्वर्ग मिळावयाचा पुष्कळ वर्षांनी, मग मधल्या काळात ते फल कोठे राहते? अदृश्य अशा अपूर्वात राहते, असे त्यांचे उत्तर. मोबाईलवर टेकविलेले बोट उचलले गेले, चहा संपला, मुलगा बंगळूरला परतला. ‘वाजू दे’ हा माझा संकल्प मात्र त्या मध्यवर्ती डबीत अपूर्व होऊन महिने न् महिने पडून होता. आणि याच मीमांसकांनी श्येनयागाविषयी जो विवेक केला आहे तोही विसरण्यासारखा नाही. शत्रूच्या नाशासाठी करावयाचा तो याग. वेदात त्याचा विधी आहे. पण विधी सांगितला म्हणून तो धर्म होत नाही, असे शबरस्वामी बजावतात. ज्याला हिंसा करावयाचीच आहे त्याला वेद साधन सांगतो, हिंसा कर असे सांगत नाही. यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तकात भोंग्याचे सात स्वर वर्णिले आहेत. त्यांतला एकही स्वर वाजीव, असे तेथे लिहिलेले नव्हते.

आमच्या गल्लीत पूर्वी एक गुरखा रात्रीचा पहारा करीत असे. काठी आपटीत, शिटी फुंकीत तो दोन फेऱ्या घाली, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार जाऊन आपले पैसे गोळा करी. चोऱ्या त्याच्या काळातही होत. त्याच्या कर्तबगारीचे गोडवे मी गाणार नाही. पण अंधारात कोणी दिसले म्हणजे प्रथम तो मोठ्याने खाकरत असे. त्या खाकरण्यात किती गोष्टी भरलेल्या होत्या, याचा हिशेब मी आता करतो: मी येथे आहे, मी तुला पाहिले आहे, तू कोण ते सांग, आणि सांगायचे नसेल तर निघून जायला अजून अवकाश आहे. पाहणे आणि करणे यांच्यामध्ये त्याने ठेविलेली ती दोन-तीन पळे होती. फुले नेणाऱ्या त्या गृहस्थांना तो ओळखत असलाच पाहिजे, कारण इतक्या वर्षांत त्यांना कधी त्याने हटकल्याचे कोणी ऐकले नाही. हा गुरखा परवडेनासा झाला म्हणून नव्हे, तर कॅमेरे आले म्हणून आम्ही त्याला निरोप दिला.

मुलाला फोनवर सारी हकीकत सांगितली. ‘‘सोपं आहे, बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘त्यांचा फोटो ओळखीच्या माणसांत टाकून ठेवू, मग त्यांना पाहून भोंगा वाजणार नाही.’’ शाप दिल्यावर उःशाप द्यावा तशातली ही सोय. शृंगीऋषीने परीक्षितीला शाप दिला तेव्हा त्याचे वडील शमीक हळहळले, आणि शाप परत घेता येत नाही म्हणून त्यांनी निदान राजाला सावध करण्यासाठी शिष्य धाडला; आमचा शाप सुदैवाने दुरुस्त होण्याजोगा होता. पण ही दुरुस्ती मला रुचली नाही. एक तर, माझ्या बेलाची चार पाने घेतली म्हणून त्या मनुष्याचा चेहरा त्याला न विचारता माझ्या दप्तरी दाखल करावा, हे कोणत्या न्यायाने? आणि दुसरे, त्यांना वगळले तरी पुढचा अनोळखी मनुष्य आहेच: पहाटेच्या गाडीने न कळविता आलेला पाहुणा, मदतीसाठी कुंपणावरून हाक मारणारी शेजारीण. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड परंपरेने सांगितली आहे. रात्री अकरा ते पहाटे साडेपाच हा काळ तिने वगळलेला नाही.

शेवटी आम्ही ‘तर’पुढचे वाक्य बदलले. भोंगा त्या नियमातून काढला. घराचे दार फोडले गेले तरच तो वाजेल, एवढी सत्ता त्याच्याकडे राहिली. आवारात हालचाल झाली तर दिवा लागेल, पण मंदपणे, हळूहळू उजळत. आणि माझ्या उशाशी एक लहान घंटी वाजेल. ‘‘म्हणजे दर वेळी तुम्ही उठणार?’’ मुलाने विचारले. सौभाग्यवतींनाही तीच शंका होती, आणि ती रास्त होती. पहिल्या आठवड्यात घंटी अकरा वेळा वाजली: नऊदा मांजर, एकदा वाऱ्याने हेलकावणारी, दिवसभर तापलेली ताडपत्री, आणि एकदा काहीच नाही. झोपेचे खोबरे झाले हे कबूल केले पाहिजे.

ते गृहस्थ काही आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन फुलांचे आमंत्रण देऊन आलो. ‘‘येईन हो, येईन,’’ म्हणाले, मनगट दाखवून हसले, पण आले नाहीत. ‘तुम्ही जागे होतात का’ या प्रश्नाचे दुरुस्त उत्तर त्या भेटीत द्यावे असे माझ्या मनात होते. चहा आला, त्यांच्या सूनबाई समोर बसल्या, आणि ते राहून गेले. तगर फुलत राहिली, बेल तसाच उभा राहिला.

गणेशचतुर्थीच्या पहाटे घंटी वाजली तेव्हा मी सवयीने मांजराला दोष देत खिडकीशी गेलो. बेलासमोरचा दिवा नुकताच उमलत होता. फाटकाच्या आत, पिशवी छातीशी धरून, आकडी खाली टेकवून ते उभे होते; पुढे यावे की परतावे हे त्यांना ठरविता येत नव्हते, आणि त्यांचे डोळे जिन्याखालच्या भोंग्यावर खिळले होते. मी खिडकीत उभा राहून मोठ्याने खाकरलो. त्यांनी वर पाहिले, क्षणभर हात कपाळाशी नेला, आणि मग आकडी उचलून लाल जास्वंदीची फांदी खाली ओढली.